रोवणीच्या ओळीपुढचे तारे

तिरोड्याला उतरलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. पिशवीत दोन कपडे, पाण्याची बाटली आणि वसुधाची वही.

वसुधा माझी पत्नी. आपल्या जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांमधल्या थंड वायूचे नकाशे करणे हे तिचे काम. फेब्रुवारीत ती गेली. तिचे कपाट आवरताना हाताने काढलेल्या नकाशांची ही वही सापडली. पहिल्या पानावर लिहिले होते, ‘शकुनसाठी’. शकुन म्हणजे तिची तिरोड्याजवळच्या चोरखमारा गावातली बालमैत्रीण, हे मला माहीत होते. दर रविवारी वसुधा गच्चीवर जाऊन तिच्याशी तासभर फोनवर बोलत असे. बावीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी अशी एकही वही निघाली नव्हती. त्यामुळे ती टपालात टाकायला हात होईना. द्यायची की परत आणायची, ते तिथे जाऊन ठरवू म्हटले.

ऑटोवाल्याने विचारले, “चोरखमारा? तालाब देखने आए क्या?” एका बाईंना भेटायचे आहे म्हटल्यावर तो हसला. रोवणी (भाताची लावणी) चालू आहे, घरी कुणी सापडायचे नाही, असे त्याने हिंदीत बजावले आणि मला थेट शेताच्या वाटेवर सोडले.

एका बाजूला तलावाची पाळ, दुसरीकडे पार टेकड्यांपर्यंत पाण्याने भरलेल्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरे). धुऱ्यावरून (बांधावरून) चालता चालता माझा पाय घसरला आणि डावा बूट चिखलात रुतून बसला. समोर आठ-दहा बाया एका ओळीत वाकून रोवत होत्या. सगळ्या कमरेतून उठून माझ्याकडे पाहू लागल्या.

“पुण्याचे जवाई रोवाले आले वाटते,” एकजण म्हणाली. हशा पिकला.

ओळीतली शेवटची बाई पुढे आली. साठीच्या आसपासची, हडकुळी, कोपरापर्यंत चिखल. मी वही घेऊन येणार हे त्यांना फोनवर कळवले होते. “बूट काढा, जवाईबापू. बांधीत बूट घालून कोणी येते का?” त्या शकुनताई.

जेवायला धुऱ्यावर पळसाच्या सावलीत बसलो. भात आणि तलावातल्या झिंग्यांचा झणझणीत रस्सा. जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, लुगड्याला पुसले आणि वहीसाठी पुढे केले. मी वही दिली. नुसती पाहायला, असे मनात म्हणत.

नकाशे साधे होते. तारे ज्यातून जन्मतात त्या थंड वायूसाठी करड्या पेन्सिलीच्या रेघा, नव्या ताऱ्यांसाठी नारिंगी ठिपके. हा वायू स्वतः उजळत नाही. त्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरींवरून त्याचा माग काढतात, एवढे मलाही ठाऊक होते. पण ठिपके रेघांवर नव्हते. दीर्घिकेच्या प्रत्येक सर्पिल भुजेत करडी रेघ आतल्या कडेला होती आणि ठिपके तिच्या थोडे पुढे. असे का, हे मी वसुधाला कधी विचारले नव्हते. आता शकुनताईंना विचारावे लागले.

त्यांनी पुन्हा रोवायला लागलेल्या बायांकडे बोट दाखवले. “गॅस त्या ओळीसारखा हाये. ओळ जिथं हाये तिथं अजून चिखलच. रोवणारीन मागं मागं सरते, अन् हिरवं तिच्यापुढं राहते. तारे तसे. गॅस जिथं दाटते तिथं पेरले जातात, पण चमकेपर्यंत पुढं निघून जातात.”

“वसुधानं सांगितलं हे?”

“गॅसचं तिनं सांगतलं. रोवणीचं मी. तिले लय आवडलं. म्हणे, हे लेखात टाकतो. मग लेख छापून आला, मी दोनदा वाचला. त्याच्यात ते काऊन नाही आलं?”

मी मराठीचा प्राध्यापक. वसुधाचे मराठी लेख छापायला जाण्याआधी मी तपासत असे. ते वाक्य मला स्वच्छ आठवले. समासात ‘विषयाला शोभत नाही’ असे लिहून मी त्यावर काट मारली होती. हे मी शकुनताईंना सांगितले.

“मालूम हाये मले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमच्या तोंडून आयकायचं होतं. दोन रविवार तुमाले शिव्या देऊन राहिली होती ते.”

मला मात्र ती काहीच बोलली नव्हती. ‘बरं’ म्हणून तिने पुढचे पान सरकवले होते. इथवर मला शकुनताईंचा हेवा वाटत होता तो त्या तासभराच्या गप्पांचा, या वहीचा. आता त्या शिव्यांचाही वाटू लागला. माझ्यावरचा राग, तोदेखील तिने इथे आणून ठेवला होता.

“वही ठेवू का नेता?” शकुनताईंनी विचारले.

“ठेवा,” मी म्हणालो. “फक्त त्या शिव्या मला सांगा.”

त्यांनी बायांना हाताने खूण केली, की येते थोड्या वेळाने, आणि सांगू लागल्या. पहिलीच होती, “जन्मात चिखलात पाय नाही घातला, अन् चिखल खोडून राहिला.” पुढच्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. मधेच त्या हसल्या, मीही हसलो.

संध्याकाळच्या गाडीने निघालो. खिडकीशी बसून सगळ्या शिव्या एका कागदावर उतरवल्या, शब्दाला शब्द. पुण्याला येऊन आठवडा झाला, रोज एकदा तो कागद वाचतो. हेवा काही गेलेला नाही. मी त्या शिव्या शकुनताईंच्या आवाजात ऐकल्या. त्यांनी त्या वसुधाच्या आवाजात ऐकल्या होत्या.