उलटा बसवलेला कॅमेरा

विखुरलेल्या ठिपक्यांत नाते असू शकते का, हा प्रश्न घेऊन मी माझी जुनी विद्यार्थिनी मेधा हिच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे एका स्फटिकातून प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, गुंतलेल्या जोडीने निघतात आणि विरुद्ध दिशांना पांगतात. एकाचा ठिपका पहिल्या कॅमेऱ्यात वर उमटला, तर त्याच्या जोडीदाराचा दुसऱ्यात खाली उमटायला हवा. पण दोन महिने काहीच जुळत नव्हते आणि मेधाचा प्रबंध अडला होता.

मला फक्त दुसऱ्या कॅमेऱ्यावरची अक्षरे उलटी दिसली.

"हा शीर्षासनात का गं?"

"केबल पुरेना, बाई, म्हणून..." ती थबकली. "अगंबाई!"

तिने त्या कॅमेऱ्याचे चित्र सुलट केले आणि ठिपक्यांना जोडीदार सापडू लागले.

"आता तरी पास करा," ती हसून म्हणाली. डोळे मात्र भरले होते.

कणांचे काहीच चुकले नव्हते. नाते दोन महिने तिथेच होते. निरर्थक वाटणाऱ्या कितीतरी गोष्टींचे जोडीदार असेच कुठे थांबले असतील!

कागदाला फोटॉनची सर नाही. तरी एका कागदाची आडवी घडी घालून सुईने चार-पाच ठिकाणी टोचा, घडीवर कापा, खालचा तुकडा वरच्याखाली आधी डोके खाली करून धरा, मग सुलट. भोके कृपया स्वतः ताडून पाहा.