ब्रदरची अर्धी मिशी

तात्यांच्या मिशीचं डावं टोक ब्रदरनं उडवलं नव्हतं. ते मी उडवलं. ही गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. आमच्या भावकीत ब्रदरला अजून ‘मिशीकाप्या’ म्हणतात, आणि ते नाव निघालं की मी पाणी प्यायला उठतो.

तात्या म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात जीप चालवून रिटायर झालेले. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली. जबान मात्र शाबूत राहिली, शिव्यांसकट. छावणी भागातल्या आमच्या घरी दिवसभर त्यांच्यापाशी कुणीतरी हवं होतं. नर्सिंग ब्युरोनं माणूस पाठवला. तिशीतला, नर्सिंगचा कोर्स केलेला, बिडकीनहून मोटारसायकलवर येणारा. ब्युरोत त्याला ब्रदर म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. घरात आल्या आल्या त्यानं हेल्मेट काढलं आणि आधी आरशात बघून मिशीला पीळ दिला. तात्यांची मिशीही तशीच पीळदार. दोघांनी एकमेकांची मिशी अशी निरखली, की ओळख करून द्यायची मला गरजच पडली नाही.

“तेल कोणतं लावता तात्या?”

“तुला काय करायचंय? बीपी बघ आधी.”

“बीपी मिशीवरूनच कळतंय. वर चढलंय.”

नम्रपणा त्याच्या अंगात अजिबात नव्हता. घरचे धनगर, भाऊ अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. “आमच्या खानदानात मेंढरू सोडून माणसाला सुई टोचणारा पहिला मीच,” हे तो तात्यांच्या दंडावर कापूस चोळत छाती काढून सांगायचा. वर म्हणायचा, “अन् मेंढरानं आजवर तक्रार केली नाय. तुमीच लई ओरडता.”

तात्या जेवायचे नाहीत. अळणी खिचडी बघितली की तोंड फिरवायचे. आम्ही विनवण्या करायचो, बायको डोळ्यांत पाणी आणायची. ब्रदर यातलं काहीच करत नसे. ताट तात्यांच्या उजव्या हाताशी ठेवायचा, समोर स्टुलावर बसायचा आणि स्वतःचा डबा उघडून भाकरी-ठेचा खायला लागायचा. मला म्हणायचा, “मेंढरू एकटं चरत नाय भाऊ. दुसरं चरताना दिसलं की आपोआप तोंड खाली घालतं.”

“मला मेंढरू म्हणतो व्हय रं?” तात्या भडकायचे.

“नाय नाय. मेंढरू मी. तुमी बघत बसा.”

तात्या बघत बसायचे, आणि मग रागारागानं खिचडी संपवायचे. एकदा तो हात धुवायला गेला तेवढ्यात त्यांनी त्याच्या डब्यातला ठेचा उचलून तोंडात टाकला. ब्रदरनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम हात धुवायला वेळ लावला. तात्यांनी ठेचा चाखला आणि ओरडले, “आरं, ह्यात मीठ कुठंय?”

“चोरून खाणाऱ्यानं मीठ विचारायचं नसतं,” तो मोरीतूनच म्हणाला.

त्याची एक सवय मला मात्र फार जड जायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तो तात्यांची कूस बदलायचा, तेव्हा मला हाक मारायचा. “भाऊ, हात लावा जरा.” त्याला एकट्याला ते सहज जमत होतं. मी खिशातून फोन काढून बाहेर निघून जायचो. खरं असं की दिवाळीला पाया पडण्यापलीकडे मी वडिलांना कधी हात लावला नव्हता. आमच्या घरात बाप-लेकांचं बोलणं आईमार्फत व्हायचं, आणि आई राहिली नव्हती. पलीकडे कुणी नसलेल्या फोनवर मी “हां, हां” करत उभा राहायचो. आतून ब्रदरचा आवाज यायचा, “सायबाला म्हणावं, तात्याची कूस बदलून झाली. आता ठेवा फोन.”

मग तो दिवस आला. शेंद्र्याचे काका, म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, भेटायला येणार होते. मागच्या खेपेला ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पोरानं बाप भाड्याच्या माणसावर टाकला.” ते मला लागलं होतं. ब्रदर पावडर आणायला मेडिकलवर गेला. तात्यांचा डोळा लागला होता. दाढी वाढलेली होती. म्हटलं, आज आपण करू, काकांना दिसू दे. ट्रिमर घेतला. गालापर्यंत ठीक चाललं. मग ट्रिमर घसरला आणि मिशीचं डावं टोक उशीवर पडलं. तात्यांची ती बाजू बधिर. त्यांना कळलंसुद्धा नाही.

काका आणि ब्रदर एकदमच आत आले.

“तात्या! मिशी कुठं गेली तुझी?” काकांनी विचारलं.

तात्या जागे झाले. उजवा हात आधी उजव्या बाजूला गेला, मग डावीकडे. “कुणी केलं हे?”

मी ट्रिमर पाठीमागे लपवला. माझ्या बाहीवर पांढरे केस चिकटले होते. ब्रदरनं ते पाहिले, पावडरचा डबा खाली ठेवला आणि म्हणाला, “माझ्या हातून झालं तात्या. लोकर कातरायची सवय. हात पुढं गेला.”

“मेंढरं कातरणाऱ्याच्या हातात माणूस दिला की हेच व्हायचं!” काका गरजले. आणखीही बरंच बोलले, ते लिहवत नाही. ब्रदरनं मान खाली घातली. त्याला मान खाली घालताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तेव्हाही मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेल्मेट काढलं, तर त्याच्याही मिशीचं डावं टोक साफ. बायकोनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, “अरे, निदान मास्क लावायचा.”

“मास्क लावल्यावर तात्याला काय दिसणार?”

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. आधी शिवी दिली. मग हसू फुटलं ते थांबेना, ठसका लागला, ब्रदरनं पाठ चोळली. लकव्यानंतर ते हसलेले आम्ही प्रथमच पाहत होतो. पुढं दोघांत शर्यत लागली. रोज सकाळी आरसा समोर धरून कुणाची जास्त वाढली ते बघायचे. “तुमी रात्री तेल लावता, हे बेइमानीचं काम हाय,” ब्रदर म्हणायचा.

मी त्याला जिन्यात गाठून विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. तो मिशीच्या उरलेल्या टोकाला पीळ देत म्हणाला, “मला शिव्या देतील अन् इसरतील. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी परत त्यांना हात लावला नसता. उद्यापासून दाढी तुमीच करायची. मी बाजूला उभा राहतो.”

त्यानंतर दाढी मीच केली. वस्तरा गालावर आला की तात्या डोळे मिटून घ्यायचे. ते गेले त्या सकाळीही मीच केली. ब्रदर कॉटच्या कडेला उभा होता, पण त्याला काही सांगावं लागलं नाही.

आता शेंद्र्याचे काका अंथरुणावर आहेत. तोच आजार. त्यांच्या मुलानं ठेवलेला माणूस ताट समोर सरकवतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. काका वाळत चाललेत, पाठीला जखम झालीय. ब्रदरला कुठूनतरी कळलं, त्याचा फोन आला: “भाऊ, मी मोकळा हाय सध्या. जाऊ का काकाकडं?” मी काकांना विचारलं. ते पडल्या पडल्या ओरडले, “त्या मिशीकाप्याला माझ्या दारात आणायचं नाही!” मी ब्रदरला सांगितलं, दुसरा माणूस ठेवलाय.

तो हसला. “मिशीमुळं व्हय? राहू द्या.”

काकांसमोर बसून ती मिशी मी कापली, एवढं सांगायचं आहे. ब्रदरचं हे देणं माझ्याकडे आहे, आणि हे लिहीपर्यंत मी ते दिलेलं नाही.