सागाच्या रोपांची पंगत

चोपड्याजवळच्या माझ्या नर्सरीत सुंदरबाई आल्या रोपांना पाणी घालायला, पण लक्ष सगळं नको तिथे. खताची गोणी उघडली की हुंगणार, पंप बंद पडला की त्याच्या पोटात काय असतं ते विचारणार. मला कधीकधी वीट यायचा.

त्यात धुळ्याची विधी आली. म्हणजे दुधात साखरच. कापड दुकानदाराची ही मुलगी झाडांवर संशोधन करते. वाऱ्याचा, हाताचा स्पर्श सागाच्या रोपाला कळतो आणि ते बुटकं पण दणकट वाढतं. स्पर्शाने आतला कोणता जनुक जागा होतो, त्याची खूण पानातून ओळखायची, हा तिचा ध्यास. वादळात टिकणारी रोपं मग लहानपणीच निवडता येतील.

तिने शेडमध्ये रोपांच्या दोन रांगा मांडल्या, पंगतीसारख्या समोरासमोर. डावीवरून सुंदरबाईंनी रोज हात फिरवायचा, उजवीला बोटही लावायचं नाही. मग पानं प्रयोगशाळेत गेली. अहवाल आला आणि विधी मटकन खाली बसली. खूण दोन्ही रांगांत सापडली होती.

"अक्का, माझी खूण खोटी निघाली. सगळ्या कष्टांवर पाणी!" ती सुंदरबाईंपुढे रडायलाच लागली.

सुंदरबाईंनी पदराला हात पुसले. "खोटी नही, पोरी. मीच बठ्ठासवर, दोन्ही रांगासवर हात फिराया. एक पंगतमा एकले वाढानं नि दुसराले नही? असा पंक्तिप्रपंच मन्हाकन व्हत नही."

बाई लहानपणी परक्या घरी वाढलेल्या. तूप नेमकं आपल्या ताटाशी येऊन संपायचं, हे त्यांनी मला एकदा हसत सांगितलं होतं. तरी मी भडकलोच. विधी मात्र डोळे पुसून ताडकन उठली. "म्हणजे पानांनी खरं तेच सांगितलं!"

पण खात्री करायलाच हवी होती. नवी रोपं लावली. या खेपेला उजवी रांग शेडमागे, वाराही लागणार नाही अशा दाट जाळीआड. सुंदरबाई तिथून जाताना हात पाठीशी बांधून घ्यायच्या. "काय वाटत व्हई त्यासले?" असं मलाच विचारायच्या. मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

पुन्हा अहवाल आला. जाळीआडच्या रोपांत खूण नव्हती. विधी ओरडतच आली, "अक्का, खूण खरी निघाली!"

सुंदरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग जाळीकडे बघत विचारलं, "मंग आते तरी हात फिरावू ना त्यासवर?"