विष्णुपुरीच्या खोलीतली धावपट्टी

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात मी हैदराबादहून नापास होऊन घरी आले. वैमानिकाचा परवाना माझ्याकडे होता, पण लहान विमानाचा. प्रवासी विमान चालवायचं तर आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानासारख्याच हलणाऱ्या बंद खोलीत, ते नीट उतरवून दाखवावं लागतं. माझं प्रत्येक वेळी आदळत होतं. शिकवणारे कॅप्टन सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "तुझं बाकी सगळं बरोबर आहे. फक्त शेवटचे काही फूट तू घाबरतेस." पुन्हा परीक्षा द्यायला त्यांनी महिन्याभराची मुदत दिली.

घरी वेगळंच चाललं होतं. बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि त्याला पाणी भरपूर लागतं. लातूरच्या ज्या दवाखान्यात ते जात, तिथं टँकर आला तर मशीन चालू, नाही आला तर पेशंट परत. एकदा बाबा तीन दिवस नुसते सुजून पडून राहिले. मग माझी मावसबहीण, नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी, आईला फोनवर म्हणाली, "मावशी, इकडं या. इथं पाणी कमीच हाय, पण दवाखाना चालू हाय." आम्ही तिघं तिच्या दोन खोल्यांत जाऊन राहिलो.

बाबा आयुष्यभर कलेक्टर ऑफिसात कारकून. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादेहून फायली ट्रकनं आणल्या, त्या ट्रकात फायलींवर बसून ते आले होते. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसणारे ते पहिले. मी वैमानिक होणार म्हटल्यावर नातेवाईक हसले, बाबा हसले नाहीत. फक्त विचारलं, "परीक्षा किती असतात?"

बहिणीच्या कॉम्प्युटरवर मी विमान उतरवण्याचा खेळ टाकला आणि एक जुनी जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची काठी, मिळवली. खेळच तो, पण डोळ्याला सवय लागेल एवढी आशा होती. खऱ्या विमानात जमीन जवळ आली की यंत्र उंची फुटांत बोलून दाखवतं. इथं स्पीकर बिघडलेला. बाबा कॉटवर पडून म्हणाले, "आकडे मी वाचतो की. मला दुसरं काय काम हाय?"

तेव्हापासून रोज दुपारी, बाहेर ऊन पेटलेलं असताना, बाबा उशीला टेकून पडद्याकडं बघत. "पन्नास. चाळीस. तीस. वीस." तीसच्या सुमारास विमानाचं नाक अगदी हलक्या हातानं वर घ्यायचं, इंजिनचा जोर काढायचा आणि विमानाला आपल्या वजनानं खाली बसू द्यायचं. सांगायला सोपं आहे. मी 'तीस' ऐकलं की काठी खस्सकन ओढायची. विमान पुन्हा वर जायचं, तिथं त्याचा वेग संपायचा आणि मग दगडासारखं खाली.

"पडलं," बाबा म्हणत.

"दिसलं मला," मी म्हणत असे.

एकदा मी जॉयस्टिक ढकलून दिली. म्हटलं, "बाबा, मी नाही जात परत. इथंच राहते. तुम्हाला दवाखान्यात कोण नेणार?"

"तुझी माय नेती की."

"तिचं वय झालंय."

ते उशीला धरून जरा उठले. मग म्हणाले, "माझं दुखणं हाय ते माझं हाय. त्याचं कारण पुढं करून तू घरी बसून राहिलीस, तर मला ह्याच्याहून जास्ती दुखंल." आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मला खरोखर त्यांची काळजी होती, आणि परीक्षेची भीतीही होती. त्यातलं किती कुठलं, ते मला तेव्हा वेगळं करता येईना.

मुदतीतले थोडे दिवस उरले होते. त्या दिवशी डायलिसिसहून आल्यावर बाबांच्या अंगात काही उरलं नव्हतं. आई म्हणाली, "निजू दे त्यांना." पण ते ऐकेनात. मी विमान खाली आणू लागले. "पन्नास," बाबा म्हणाले. "चाळीस..." आणि पुढचा आकडा आलाच नाही. त्यांना झोप लागली होती.

आकडा नाही म्हटल्यावर नजर आपोआप वर गेली, धावपट्टीच्या पार टोकाला. कॅप्टन हेच सांगत आले होते, जवळ बघू नको, लांब बघ. मी मान हलवत असे आणि जवळच बघत असे. आता दिसलं की पट्टीच्या दोन्ही कडा हळूहळू फाकताहेत, जमीन वर येते आहे, आणि तिचं वर येणं मला थांबवायचं नाही, नुसतं सावकाश करायचं आहे. हात आपसूक हलका झाला. विमान टेकलं ते मला पडद्यावरचा उंचीचा आकडा शून्य झाल्यावर कळलं.

थोड्या वेळानं बाबा दचकून जागे झाले. "उतरलं का?"

"उतरलं."

"मला कळलंच न्हाई."

मी हसले आणि मग मला रडू आलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

हैदराबादला मी पास झाले. खोली थांबल्यावर कॅप्टन म्हणाले, "आता प्रवासी बसवायला हरकत नाही." मी बाहेर येऊन फोन केला, तेव्हा बाबा मशीनवर होते. नर्सनं फोन त्यांच्या कानाला धरला. "हाव? झालं?" एवढंच बोलले. आईनं नंतर सांगितलं की वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला, लातूरला पाणी देणारं धरण भरलं, आणि ते दोघं लातूरला परतले. बाबा अजून दीड वर्ष होते. मी त्यांना विमानात बसवणार होते. तारीख ठरायची आणि डायलिसिसचा वार आडवा यायचा. शेवटी आईचा फोन आला तेव्हा मी, बाबांना जास्त झाल्याचं कळून, हैदराबादहून बसनं निघाले होते, गाडी देगलूरला थांबलेली. आई म्हणाली, "पोरी, आता घाई करू नको." मी खाली उतरले. स्टँडवर कुणी तेलुगूत, कुणी कन्नडात भाव करत होतं. एका बाईनं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि बस सुटेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली.