पंचविसावं काडतूस

तारीख १२ जानेवारी, रविवार. संक्रांतीला दोन दिवस होते. रक्कम रुपये पंच्याऐंशी हजार. हजर चौघं: मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. जागा, मानवतचं आमचं राहतं घर, पुढची खोली.

ही लिहिण्याची पद्धत वडिलांची. सोनपेठकडे गोदावरीच्या अंगाला आमची चौदा एकर जमीन आहे. ती दोघा भावांची सामाईक आहे आणि तिचं उत्पन्नही सामाईक खात्यात राहतं. त्यातून पंचवीस हजारांच्या वर काही काढायचं असेल तर दोन्ही जोडप्यांनी समोरासमोर बसायचं, बोलायचं आणि वहीत लिहायचं, असं ते सांगून गेले. चौदा वर्षं आम्ही तसं करत आलो. आतापर्यंतचे विषय बोअर, पाइपलाइन, पुतणीची फी असे होते. त्या दिवशीचा विषय वेगळा होता. भाऊ शिडाच्या बोटीतून परदेशी निघाला होता आणि त्याला घरातली बंदूक सोबत न्यायची होती.

भावाने बावीस वर्षं नौदलात काढली. निवृत्त होऊन परभणीत फ्लॅट घेतला, पण तो तिथे रमला नाही. नोकरीतल्या दोन मित्रांबरोबर त्याने कोचीला अडतीस फुटांची जुनी शिडाची बोट घेतली. तिघांचा सारखा वाटा. फेब्रुवारीच्या मध्याला निघायचं, मालदीव, तिथून सेशेल्स, तिथून टांझानिया. वाऱ्याच्या भरवशावरची बोट माणसाच्या चालण्यापेक्षा थोडी जास्त पळते, असं त्याने समजावून सांगितलं होतं. त्यावर माझी बायको म्हणाली होती, "भाऊजी, आपल्या जिल्ह्यात समुद्र न्हाई, तेवढंच एक बरं होतं. तेबी तुम्हाला बघवलं न्हाई."

 त्या रविवारी मात्र तिने तिळाच्या लाडवांची वाटी मध्ये ठेवली आणि पदर गुडघ्यावर ओढून बसली.

भावाचं म्हणणं सरळ होतं. सोमालियाच्या बाजूला अजून लुटारू आहेत. ते छोट्या वेगवान होड्यांतून येतात. शिडाच्या बोटीला पळून जाता येत नाही. एक मित्र बंदूक हवी म्हणतो, दुसरा नको म्हणतो, म्हणजे निर्णय भावावर आला. घरात परवान्याची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून वडिलांनी घेतलेली, त्यांच्यानंतर माझ्या नावावर झालेली. ती त्याच्या नावावर करून द्यायची. देशाबाहेर न्यायची परवानगी, त्यासाठीचा वकील, बोटीत ठेवायला कुलपाची पोलादी पेटी आणि नवी काडतुसं मिळून पंच्याऐंशी हजार. त्याने अंदाजपत्रक टाइप करून आणलं होतं. बेरीज मी तपासली. बरोबर होती.

त्याच्या बायकोने एवढंच सांगितलं. "भाऊजी, हे बिनहत्यारी गेले तर मला झोप लागणार न्हाई, आन् हत्यार घेऊन गेले तरी लागणार न्हाई. तुम्ही काय ते ठरवा." ती शाळेत शिक्षिका आहे, मोजून बोलते. असं म्हणून तिने माझ्यावर केवढं ओझं टाकलं ते तिलाही कळलं असावं, कारण नंतर बराच वेळ ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी माझी वही काढली. बंदुकीची वेगळी वही आहे. निवडणूक लागली की परवानाधारकाने हत्यार ठाण्यात जमा करायचं आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायचं, हे आमच्याकडे घरोघरच्या बंदूकवाल्यांना सवयीचं झालेलं आहे. मी ते कधी चुकवलं नाही. बंदूक माझ्या नावावर आल्यापासून सात वेळा जमा केली. एकूण तीनशे एकाहत्तर दिवस ती ठाण्यात होती. शेवटची परत आणून जेमतेम महिना झाला होता. मळ्यातली मोटारीची केबल एवढ्या वर्षांत तीनदा चोरीला गेली. एकदा बंदूक ठाण्यात असताना, दोनदा घरात असताना.

हे आकडे मी वाचून दाखवले. मग भावाला विचारलं, तिकडे बंदरात गेल्यावर बंदुकीचं काय करतात.

तो म्हणाला, सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते लोक काढून घेतात किंवा पेटीला सील लावतात आणि निघताना परत देतात. लपवली आणि सापडली तर बोट जप्त आणि आपण तुरुंगात.

"म्हणजे किनाऱ्याजवळ नांगर टाकून झोपशील तेव्हा ती तुझ्याजवळ नाही," मी म्हणालो. "आणि भर समुद्रात असशील तेव्हा आहे."

"भर समुद्रातच तर पाहिजे, दादा."

 तो समुद्राचं बोलत होता आणि मी समुद्र दोनदा पाहिलेला माणूस, तोही किनाऱ्यावरून. माझे आकडे जमिनीचे होते. पाच-दहा मिनिटं आम्ही कायद्याचं बोललो. परवानगी महिन्याभरात मिळेल का, वकील खरंच ओळखीचा आहे का. भावाने तेवढ्यात वही स्वतःकडे ओढली आणि शेवटचं पान उघडलं. तिथे काडतुसांचा हिशेब असतो. पंचवीसचा एक डबा मी घेतला होता, तेवढाच. शिल्लक चोवीस.

"एक कुठं गेलं?" त्याने विचारलं.

पानावर लिहिलेलं होतं: वापर एक, रानडुक्कर. त्याने ते वाचलं आणि हसला. "तू आणि डुक्कर? दादा, तू तर कोंबडी कापताना घराबाहेर जाऊन उभा राहायचास."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी ती ओळ तशीच ठेवली होती. खोटी ओळ माझ्या वह्यांमध्ये दुसरी नाही, असं मी आजही शपथेवर सांगू शकतो. ही एकच.

मग मी सांगितलं. इथे लिहितो तेवढंच.

नऊ वर्षांपूर्वीचा हिवाळा. पाणी कमी होतं, आमच्या विहिरीला मात्र होतं. दोन आठवड्यांत दोनदा केबल गेली होती, म्हणून मी बंदूक घेऊन मळ्यात बसत होतो. दुपारचे चार वाजले असतील. मोटारीच्या खोलीमागे उसाच्या कडेला सळसळ झाली आणि पत्रा वाजला. मला वाटलं, आले. दिवसाढवळ्या आले याचा राग आला. घाबरवावं म्हणून उसाच्या शेंड्यांवरून बार काढला. मी नेमबाज नाही. शेंड्यांवरून म्हणजे किती वरून, हे मला तेव्हा कळलं नाही.

तो ऊसतोडीच्या टोळीतला माणूस होता. शेजारच्या फडात कोयता चालू होता. तो प्लास्टिकचा कॅन घेऊन हौदाला पाण्याला आला होता आणि वाकलेला होता तो सरळ होत होता. दोन छरे डाव्या हाताला लागले, एक गालाला. डोळ्यापासून एक बोट खाली. बोट मी स्वतः लावून पाहिलं होतं, डॉक्टरच्या टेबलावर. त्याची बायको फडातून धावत आली. तिने लुगड्याचा पदर त्याच्या तोंडाला दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

पोलिसांत जाऊ नका, असं तोच म्हणाला. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली होती, जबाब आणि तारखांमध्ये हंगाम गेला असता. मी लगेच हो म्हणालो. त्याच्या सोयीसाठी हो म्हणालो असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला स्वतःलाच ते हवं होतं. डॉक्टरचे चार हजार सहाशे दिले, बारा दिवसांची मजुरी दिली. घरी येऊन वहीत लिहिलं, रानडुक्कर.

माझं सांगून झालं तेव्हा बाहेर पतंगाच्या मांज्यावरून पोरांचं भांडण चाललं होतं. भावाने वही मिटली नव्हती. त्याने माझ्याकडे न पाहता विचारलं, "आवाज दिला होतास?"

"नाही."

"का?"

"आवाज दिला असता तर ते पळाले असते."

हे उत्तर मी स्वतःलाही आधी कधी दिलेलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मला ते ऐकू आलं. केबल वाचावी म्हणून मी गेलो होतो. चोर पळाले असते तर केबल वाचलीच असती. मग मला आणखी काय हवं होतं? बंदूक हातात नसती तर मी 'कोण हाय तिकडं' असंच ओरडलो असतो, गावातला कुणीही माणूस ओरडतो तसं.

भावाची बायको तेव्हा बोलली. "हे आपल्या रानात झालं, भाऊजी. आपली भाषा बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत." पुढचं तिने नवऱ्याकडे पाहून पुरं केलं. "तुमच्याकडं येणाऱ्या होडीतला माणूस कोणती भाषा बोलंल?"

भाऊ म्हणाला, तिकडचे कोळी कधी कधी जवळ येतात. आपली बोट त्यांच्या जाळ्यावर जायला लागली तर सांगायला येतात. पाणी मागायला येतात. लांबून त्यांच्यात आणि लुटारूंत फरक कळत नाही, हे खरं आहे. दोघांच्याही होड्या सारख्याच. त्याचा एक मित्र बंदूक नको म्हणतो तो याच कारणासाठी.  आम्ही बसलो तेव्हापासून हे कारण त्याला माहीत होतं आणि त्याने ते सांगितलं नव्हतं.

मी त्याला नको म्हणालो नाही. वडिलांची बंदूक आहे, निम्मी त्याची आहे. मी एवढंच म्हणालो की सही मागशील तर मी करीन, पण काडतुसाच्या पानावर आधी खरी ओळ लिहीन आणि मग वही तुझ्याकडे देईन. तो उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याने अंदाजपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि तिळाचा लाडू उचलला. "राहू दे," म्हणाला. "पेटीच्या जागेत तांदूळ बसंल."

त्या दिवशी वहीत ठराव असा लिहिला: बंदूक नेणार नाही. त्याऐवजी बुडताना संदेश पाठवणारं यंत्र, बिनतारी संच आणि मोठा दिवा घ्यायचा. खर्चाची मर्यादा तीच. चौघांच्या सह्या.

ते निघाले. माझी बायको रोज संध्याकाळी मोबाइलवर जगाचा नकाशा मोठा करून पाहायची आणि मग मानवत कुठं दिसतं का ते शोधायची. मालदीव सोडल्यावर एकोणीस दिवस काही कळलं नाही. मी त्या दिवसांत तीन वेळा मनाशी म्हटलं की आपण त्याला हात बांधून पाठवलं. हे लिहायला हवं, कारण नंतरचं सांगितलं की मी शहाणा ठरतो आणि मी तसा नव्हतो.

विसाव्या दिवशी सेशेल्सहून त्याचा फोन आला. आवाज कोरडा होता. वाटेत एका सकाळी एक होडी आली होती. चौघं होते. दोन फेऱ्या मारल्या, मग अगदी जवळ. एकाच्या पायाशी कापडाखाली काहीतरी लांब होतं. बोटीवरचे तिघेही वर येऊन उभे राहिले, हात दिसतील असे. त्या लोकांनी बोटांनी ओठांकडे खूण केली. यांनी पाण्याचे दोन कॅन दिले, बिस्किटं दिली, आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी दिली. ते गेले.

"कोण होते?" मी विचारलं.

"अजून कळलं न्हाई, दादा. कापडाखाली वल्हं असंल. नसंलही." मग म्हणाला, "माझ्याजवळ बंदूक असती तर मी ती उचललीच असती. एवढं मात्र मला माहीत हाय."

मे महिन्यात मी बंदूक परवानगी घेऊन नांदेडच्या परवानाधारक दुकानदाराला विकली. बावीस हजार आले. चोवीस काडतुसं ठाण्यात जमा केली, पावती घेतली. भावाला फोनवर विचारलं, त्याच्या वाट्याचे अकरा हजार कुठे पाठवू. तो म्हणाला, ते कुठं जायचे ते तुला ठाऊक आहे.

त्या माणसाचा पत्ता ऊसतोडीच्या मुकादमाकडून मिळवला. गंगाखेडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला घर. हंगाम संपून तो घरी होता. गालावरची खूण दाढीत झाकली गेली होती. त्याने मला लगेच ओळखलं. बाजेवर बसायला सांगितलं. बायकोने पाणी आणून दिलं. मी खिशातून पाकीट काढलं तसा तो म्हणाला, "लय वर्सं झाली, मालक. आता कशाला उकरायलाव?"

मी त्याला वहीतली ओळ दाखवली. त्याला वाचता येत होतं. त्याने ती दोनदा वाचली.

"एक सांगा," तो म्हणाला. "मला तुमी चोर समजून मारलं का डुक्कर समजून?"

"चोर समजून."

त्याने मान हलवली. त्याची बायको दारात उभी होती, ती आत गेली. त्याने वही माझ्याकडे दिली, मी त्याच्यासमोर ती ओळ खोडली आणि खाली खरं लिहिलं. त्याने पैसे मोजले नाहीत, मी मोजून ठेवलेले होते.

खर्च पडला तो असा. कोचीच्या जहाज-सामानाच्या दुकानदाराला, सामाईक खात्यातून, रुपये अठ्ठ्याहत्तर हजार चारशे. होडीतल्या चौघांना पाण्याचे दोन कॅन. आणि पाण्याला आलेल्या माणसाला रुपये बावीस हजार, रोख. त्याची सही मी घेतली नाही.