दादाच्या बोटीचा खण

माझ्या थोरल्या भावाच्या बोटीचा खण मी बिघडवला. मुद्दाम नव्हे, पण माझ्याच हातांनी.

दादाची बोट मिरकरवाड्याच्या बंदरात असायची. आमचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून राबले, त्यामुळे स्वतःची बोट आमच्या घरात ही पहिलीच. मासळी ठेवायचा खण दादानं समोर उभं राहून बांधून घेतला होता. मागे लाकूड, त्यावर गारवा धरून ठेवणाऱ्या फोमचा, म्हणजे पफचा, वीतभर जाड थर, आणि वरून फायबरचं पांढरं गुळगुळीत अस्तर. कोपरे गोल, कुठं सांधा नाही, कुठं खिळा नाही. कुटलेला बर्फ भरून झाकण लावलं की पावसानंतरच्या उकाड्यातसुद्धा नवव्या दिवशी टोपलीभर बर्फ उरायचा. तो उरलेला बर्फ दादा जेटीवर थोडा वेळ तसाच ठेवायचा. शेजारच्या बोटवाल्यांना दिसावा म्हणून.

मी तेव्हा मुंबईहून परत आलो होतो. बारा वर्षं हॉटेलांच्या शीतगृहांची यंत्रं सांभाळली होती आणि थंडावा या विषयातलं मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. मासळी किनाऱ्यापासून लांब गेली होती. पूर्वी नऊ दिवसांत भागायचं तिथं बारा दिवस लागायचे, आणि शेवटच्या तीन दिवसांच्या मासळीला बर्फ पुरायचा नाही. दादा एकदा जेवताना हे बोलला आणि मी तो धागा पकडला.

"खणात यंत्र बसवूया," मी म्हटलं. "बर्फ राहू दे, पण यंत्रानं तो वितळायचा थांबेल."

"खाऱ्या हवेत टिकतंय होय?"

"नीट निवडलं तर टिकतं."

"आणि मधीच बंद पडला तर?"

"मी आहे की."

निवड मी खरोखरच नीट केली, हे मला आजही सांगावंसं वाटतं. वाऱ्यानं थंड होणारं यंत्र घेतलं नाही. इंजिनाच्या खोलीत वाराच नसतो, आणि असतो तो भट्टीसारखा. समुद्राच्या पाण्यानं थंड होणारं घेतलं. आपल्याकडचं पाणी मुळातच कोमट, म्हणून कागदावर लिहिलं होतं त्याहून एक आकार मोठं घेतलं. खारं पाणी फिरतं त्या नळ्या साध्या तांब्याच्या नव्हे, निकेल मिसळलेल्या. गंज धातूला खायचा तो जस्ताच्या कांड्यांना खाऊ दे म्हणून त्या कांड्या बसवल्या. पाणी ओढायच्या तोंडाशी जाळी लावली. कॉम्प्रेसर बोटीच्या इंजिनावर पट्ट्यानं चालणारा. एकेका गोष्टीसाठी मी चार-चार दिवस घालवले.

खणाच्या भिंतीकडे मात्र मी बघितलंसुद्धा नाही.

पावसाळ्यात बोट वर ओढून ताडपत्रीनं शाकारली होती, तेव्हा मी आत शिरून काम केलं. थंड नळ्यांचं वेटोळं छताला आणि बाजूंना टांगायचं होतं. त्यासाठी पट्ट्या, आणि पट्ट्यांसाठी स्क्रू. अस्तर आणि पफ पार करून मागच्या लाकडापर्यंत पोचणारे लांब स्क्रू. मी ड्रिल लावलं तेव्हा दादा खणाच्या तोंडाशी ओणवा होऊन बघत होता. पफचा पिवळा भुगा खाली पडला.

"भोकं पाडूकच हवीत काय?" त्यानं विचारलं.

"सील भरतो ना वरून. मुंगी जायची नाही."

अठ्ठेचाळीस भोकं पाडली मी. प्रत्येक भोकात सील भरलं, बोटानं सारखं केलं, आणि मला माझ्या सफाईचा अभिमान वाटला.

पहिला हंगाम छान गेला. बाराव्या दिवशीची सुरमईसुद्धा ताठ असायची, कल्ले लाल. लोक बघायला यायचे. दादा त्यांना खणाचं झाकण उघडून दाखवायचा आणि "आमच्या भावाचा काम" म्हणायचा. मी वर अवघडून उभा. बोट आली की मी यंत्र गोड्या पाण्यानं धुवायचो, जाळीत अडकलेला जेलीफिश काढायचो, झिजलेल्या कांड्या बदलायचो, वायरींच्या तोंडांना ग्रीस लावायचो. इतकी निगा मी हॉटेलातल्या यंत्रांचीही केली नव्हती.

दुसऱ्या हंगामात यंत्र जास्त वेळ चालायला लागलं. पूर्वी तासाभरानं विसावा घ्यायचं, ते आता दोन-दोन तास थांबेना. तरी बर्फ आठव्या दिवशी संपायला लागला. मी गॅस तपासला, बरोबर होता. व्हॉल्व्ह बदलला. ओल शोषणारा फिल्टर बदलला. दोष यंत्रातच असणार, हे मी धरूनच चाललो होतो. एक म्हातारे खलाशी मला म्हणाले, "बोट मागच्या बाजूनं जड झालीय बघा. पाण्यात बसते." मी हसून म्हटलं, यंत्राचं वजन आहे काका. यंत्राचं वजन तेवढं नव्हतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

शेवटी मी त्यांच्याबरोबर समुद्रावर गेलो. सहाव्या दिवशी दुपारी जाळ्यात म्हाकुलं आणि पापलेट आली, त्या हंगामातली सर्वांत मोठी ओढ. खलाशी गाणी म्हणत मासळी निवडत होते. खण भरला. यंत्र सकाळपासून एकदाही थांबलं नव्हतं. संध्याकाळच्या सुमारास कॉम्प्रेसरच्या सीलमधून तेल गळायला लागलं, त्यामागून गॅस गेला. माझ्याकडे दुसरं सील होतं, ते मी बसवलं. भरायला गॅसची एक टाकी होती, तीही भरली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोही गेला. सतत फिरून शाफ्टच झिजला होता.

दादानं ताबडतोब बोट वळवली. किनारा दीड दिवसावर होता. मी खणात उतरून उरलेला बर्फ पापलेटांवर ओढत होतो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बसत होता. भिंतींना हात लावला तर त्या गार नव्हत्या. आठव्या दिवशी दुपारी वरच्या थराचे कल्ले तपकिरी झाले, म्हाकुलं गुलाबी पडली. बंदर दिसायच्या आधी दादानं बोट थांबवली.

"असली मासळी जेटीवर नेत नाय मी," तो म्हणाला.

खलाशी टोपल्या उपसून समुद्रात ओतत राहिले. पांढरे मासे पोट वर करून बोटीमागे लांबवर तरंगत गेले, आणि घारी आल्या. दादा सुकाणूजवळ उभा राहून फक्त पुढे बघत होता. माझ्याशी तो एक शब्दही वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

जेटीला लागल्यावर मी यंत्र सोडवायला घेतलं. छताची पहिली पट्टी काढायला स्क्रू फिरवला, तो हातानंच फिरला. बाहेर आला तसं मागून पाणी आलं. पिवळं, कुजकं पाणी, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत. दुसरा काढला, तिथूनही पाणी. नळ्यांवर साचलेलं दव पट्ट्यांवरून स्क्रूंवर उतरत होतं आणि इंजिनाच्या हादऱ्यानं सैल झालेल्या भोकांतून दीड वर्षं आत झिरपत होतं. पफ स्पंजासारखा भिजला होता. भिजलेल्या भिंतीत गारवा टिकत नाही. यंत्र थांबत नव्हतं ते म्हणून, आणि बोट जड झाली होती तीही म्हणून.

मी अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. यंत्र दुरुस्त करतोय असं भासवत राहिलो. बाराव्या दिवशी दादा खणात उतरला आणि मी सांगून टाकलं.

त्यानं एका भोकात बोट घातलं. ओलं बोट बघितलं.

"सगळीकडेच?"

"सगळीकडे."

"सुकल काय?"

"नाही. आतला पफ सुकत नाही. अस्तर फोडून सगळं नव्यानं करावं लागेल."

"म्हणजे अख्खी बोट उघडायची."

मी मान हलवली. तो शिडी चढून वर गेला.

ते नव्यानं करणं त्याच्या आवाक्यात नव्हतं, आणि मला हे विचारायच्या आधीच माहीत होतं. यंत्र काढून टाकलं, भोकं बुजवली, पण आत गेलेलं पाणी आतच राहिलं. त्यानंतर साधा बर्फही पाच दिवसांत संपायचा. पाच दिवसांत जिथवर जाता येतं तिथं मासळी नव्हती. खलाशी दुसऱ्या बोटींवर गेले. पुढच्या पावसाळ्यात बोट वर ओढली ती परत पाण्यात उतरलीच नाही. इंजिन एकानं नेलं, लाकूड दुसऱ्यानं. दादा आता तांडेल म्हणून दुसऱ्याची बोट हाकतो. पन्नाशी उलटल्यावर तो आमच्या वडिलांच्या जागी जाऊन उभा राहिला.

मी पालीला दुकान टाकलंय. घरांतले आणि हॉटेलांतले फ्रिज दुरुस्त करतो. समुद्र तिथून दिसत नाही. कधीतरी एखादा बोटवाला विचारत येतो, कुठलं यंत्र चांगलं? मी सांगतो, यंत्राचं नंतर बघू, आधी खण दाखवा. भिंतीवर थाप मारून बघा, भद्द आवाज आला तर यंत्राचा विचार सोडा. चांगला खण असेल तर त्याला एकही भोक पाडू नका, नळ्या खालून उभ्या केलेल्या चौकटीवर ठेवा. बहुतेकांना हे ऐकायचं नसतं. ते यंत्राचं नाव ऐकायला आलेले असतात. मागच्या महिन्यात एक जण म्हणाला, तुम्हाला बसवायचं नसेल तर दुसरा माणूस आहे. त्याच्याकडून त्यानं बसवूनही घेतलं.

गणपतीत मी दादाकडे जातो. आम्ही आरती करतो, जेवतो, पुतण्याच्या नोकरीबद्दल बोलतो. एकदाच, दादा बाहेर गेला असताना, ताट वाढता वाढता वहिनीनं मला विचारलं, "भावोजी, खण चांगला होता ना हो? मग तुम्ही त्याला हात का लावलात?"

मी भात कालवत राहिलो. तिनं थोडी वाट बघितली आणि आमटी वाढली.