मामांच्या भरवशावरचं दुकान

परकं गाव ही चीज माझ्या बायकोच्या मामांना आयुष्यात कधी भेटलीच नाही. चिपळूणचा हा वेल्डर तेलाच्या भरभराटीच्या दिवसांत राबिघच्या रिफायनरीच्या कामावर आला, आणि महिन्याभरात जेद्दाबद्दल असं बोलू लागला, जणू तिथल्या बलद या जुन्या पेठेतल्या घरांच्या खिडक्या यांच्याच आजोबांनी बसवून दिल्या होत्या. मी त्याच कंपनीत परमिटचं काम बघायचो, त्यामुळे कामापुरतं अरबी मला येत होतं. मामांना दोनच शब्द येत, यल्ला आणि खलास. पहिल्याने ते संभाषण सुरू करत, दुसऱ्याने संपवत, आणि मधला सगळा मजकूर शुद्ध चिपळुणी मराठीत असे. समोरच्याला तो कळतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शुक्रवारी दुपारी कंपनीच्या कॅम्पातून बस निघायची, आम्हाला बलदच्या तोंडाशी सोडायची आणि सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की परत न्यायची. बाकीची मंडळी ब्लँकेटं आणि टेपरेकॉर्डर यांच्या मागे लागत. मामा चालत. टॅक्सीचं नाव काढलं तरी त्यांना राग यायचा. "जावईबापू, गाडीतनं गाव बघायचं म्हणजे दुसऱ्याचं ताट बघायचं," असं म्हणून ते काळी छत्री उघडत आणि पहिल्या दिसेल त्या बोळात शिरत. बोळाच्या दोन्ही अंगांना नक्षीदार लाकडी खिडक्या बाहेर डोकावलेल्या. हाताला येईल त्या चौकटीवर मामा बोटाने टकटक करून बघत. "साग बघा. आपल्याकडचा आहे." एकदा त्या टकटकीला वरून कोणीतरी खिडकी उघडून खडसावलं, तर मामांनी छत्री बगलेत मारून नमस्कार केला आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणून त्यांनाच अभय दिलं.

रस्ता विचारणं त्यांना ठाऊक नव्हतं, सांगणं मात्र फार आवडे. हज आटोपून परतीच्या वाटेवर असलेला तुर्की म्हाताऱ्यांचा एक घोळका एकदा चुकला होता. मामांनी त्यांना बंदराकडे नेतो म्हणून, छत्री उंच धरून, थेट मासळीबाजारात नेऊन उभं केलं. चूक लक्षात आल्यावर न डगमगता त्यांनी सगळ्यांना सुरमई कशी ओळखावी ते दाखवलं. म्हातारे इतके खूश झाले, की जाताना त्यांनी मामांच्या खिशात मूठमूठ पिस्ते कोंबले. ते पिस्ते आम्ही आठवडाभर खाल्ले.

एवढं चालून मामा दमत, पण कबूल करतील तर शपथ. कापडगल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र ते ओळखलं. मगरिबची अजान झाली तशी त्याने मालावर चादर टाकली, दारात एक स्टूल ठेवलं आणि हाताने मामांना खूण केली, बस. नमाजेच्या वेळी ती सगळी गल्ली अशीच चादरी टाकून निघून जायची आणि कोणी कशाला हात लावत नसे. पण मामा पडले चिपळूणच्या बाजारातले. तिथे शेजारच्याला "जरा बघा हं" म्हटल्याशिवाय कोणी चहालाही उठत नाही. त्यांनी त्या खुणेचा अर्थ राखण असा लावला तो लावलाच. तेव्हापासून दर शुक्रवारी मामा अजानीला तिथे हजर. छत्री मांडीवर आडवी घेऊन ताठ बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या मांजरांकडेसुद्धा संशयाने बघायचे. म्हातारा परतला की "खलास" म्हणून ताबा द्यायचा आणि बसकडे धावत सुटायचं. मला याचं हसू यायचं, आणि थोडं भरूनही यायचं. कॅम्पात आम्ही सगळे बिल्ल्यावरच्या नंबराने ओळखले जायचो, आणि इथे एका माणसाने आपलं दुकान आपल्यावर टाकलंय, असं मामा धरून चालले होते.

एका शुक्रवारी म्हातारा परतलाच नाही. नमाज संपली, आजूबाजूची दुकानं उघडली, बस हॉर्न देऊ लागली. मामांनी आधी एकदा बस चुकवली होती आणि पुन्हा चुकली तर घरी पाठवीन, असं कॅम्पबॉसने सगळ्यांदेखत बजावलं होतं. तिकडे चिपळूणला घराच्या भिंती उभ्या राहून कौलांची वाट बघत होत्या. मी धावत गल्लीत गेलो.

"मामा, उठा. बस सुटतेय."

"दुकान टाकून कसा येऊ?"

"अहो, इथे कोणी चोरत नाही. त्याने तुम्हाला राखणीला बसवलेलंच नाही."

"तुम्हाला काय माहीत? मला सांगून गेलाय तो," मामा म्हणाले आणि छत्री नीट करून पुन्हा बसले.

बस गेली. बायकोच्या मामांना टाकून जाण्याची माझी छाती नव्हती, मीही पायरीवर टेकलो. बऱ्याच वेळाने म्हातारा आला. नमाजेनंतर कोणाच्या तरी मयतीबरोबर तो कबरस्तानात गेला होता. मामांना बघून तो चकित झाला आणि मला अरबीत म्हणाला, "हा अजून इथे का? मी तर दमलेला दिसतो म्हणून याला बसायला देत होतो."

"काय म्हणतो?" मामांनी विचारलं.

"म्हणतात, तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त गेलो."

मामांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं आणि मामांची राखण, बस, बॉस, घर सगळं सांगितलं. दुकान बंद करून त्याने आपला खिळखिळा पिकअप आणला आणि आम्हाला शेजारी बसवून राबिघचा रस्ता धरला.

फाटकात कॅम्पबॉस उभाच होता. त्याने तोंड उघडायच्या आत म्हातारा खाली उतरला, मामांच्या खांद्यावर हात ठेवून बॉसशी बोलला आणि आमच्याशी हात मिळवून निघून गेला. बॉस पुटपुटत बाजूला झाला. मामांची नोकरी राहिली, पुढच्या वर्षी घरावर कौलंही चढली.

आता मामा नाहीत. तो म्हाताराही कुठला असायला. पण फाटकातून आत शिरताना मामांनी माझी बाही ओढून विचारलं होतं, "काय सांगितलंन हो त्याला?"

"म्हणाले, मी या माणसावर दुकान सोपवून गेलो होतो. उशीर मला झाला. याने जागा सोडली नाही."

या वेळी मला त्यातला एकही शब्द बदलावा लागला नव्हता.